ओटला, गल्ली आणि माझी सही



पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगून टाकतो. चहा घेऊन बसा.

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वाळवी लागली असेल ही धास्ती होती. आत निघालं काय, तर जुनी पासबुकं, आण्णांच्या पेन्शनची ऑर्डर, माझी बी.कॉम.ची मार्कशीट (ती कुणी न पाहिलेलीच बरी) आणि एका अर्जाची कार्बन कॉपी. तारीख १४ मार्च १९८८. अर्ज हिंदीत आहे, अर्थातच, कारण इंदूरचं सरकारी कामकाज हिंदीत. मागणी अशी की आमच्या गल्लीतले ओटले मागे घ्यावेत, रस्ता रुंद करावा आणि सिमेंटचा करावा. खाली ४१ सह्या. पहिली सही माझी, कारण मसुदा माझा. बँकेत असल्यामुळे अर्ज लिहायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात.

आमच्या घरातून आणखी दोन सह्या आहेत, आण्णांची आणि धाकट्या भावाची. आईची नाही.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजवाड्यापासून पायी दहा मिनिटं, नंदलालपुऱ्याच्या अंगाला. एक तोंड भाजीबाजाराकडे आणि दुसरं जवाहर मार्गाकडे. सगळी मिळून तीसेक घरं, त्यात निम्म्याहून जास्त मराठी. महाराष्ट्रातले पाहुणे 'ओटा' म्हणायचे, आम्ही 'ओटला'. दाराच्या बाहेर दोन-अडीच फूट रुंद, गुडघ्याएवढा उंच, वर फरशी. प्रत्येक घराचा ओटला वेगळा, कुणाचा पुढे, कुणाचा जरा मागे. त्यामुळे गल्लीची कड दातरी होती. मधे कडुनिंब, तिथे गल्ली थोडी वळायची. दोन ओटल्यांच्या मधे मी लहानपणी दोरीने मोजलं होतं, सगळ्यात अरुंद जागी अकरा फूट भरलं. (मोजायची सवय जुनीच.)

या अकरा फुटांत काय काय चालायचं! आम्हा पोरांचा सितोलिया, गिल्ली-डंडा, पापडांची चादर, एखादी गाय, कल्हईवाला, संध्याकाळी आण्णांची आणि शेजारच्या काकांची नाट्यसंगीतावरून हुज्जत. सायकलवाला आला की घंटी वाजवायचा, आणि कुणी हललं नाही तर मुकाट्यानं उतरून चालायचा. तांगा कडुनिंबापर्यंत यायचा, पुढे नाही. स्कूटर गल्लीत एकच, डॉक्टरांची, आणि तीही पहिल्या गिअरमध्ये. 'हळू चालवा' अशी पाटी कुठेही नव्हती. पाटीची गरजच नव्हती, कारण जोरात चालवायला जागाच नव्हती. वळणाच्या पलीकडचं दिसत नाही, ओटल्यावरून कधी कोण उतरेल सांगता येत नाही, कडेला उघडी मोरी. चालवणारा आपोआप दबकून चालवायचा.

आता थोडा इतिहास, कारण इथेच आपल्या इंदूरचं नाव जगाच्या नगररचनेच्या पुस्तकांत आलेलं आहे आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नसतो. निदान मला साठी ओलांडेपर्यंत नव्हता.

पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस. जन्म १८५४. मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पण शहरांचं वेड लागलेला. १९१४ मध्ये तो आपलं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात निघाला, तर ज्या बोटीवर प्रदर्शनाचा माल होता ती 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेनं बुडवली. गडी खचला नाही, नवीन सामान जमवून प्रदर्शन भरवलंच. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. आपले गो. स. घुर्ये त्याचेच विद्यार्थी. त्याच्या आधी तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात तो इंदूरला येऊन राहिला आणि १९१८ मध्ये इंदूर दरबारासाठी दोन खंडांचा अहवाल लिहिला. रिटायर झाल्यावर मुलानं कंप्यूटर शिकवला, तेव्हा नेटवर त्याची स्कॅन केलेली प्रत सापडली. महिनाभर रोज थोडं थोडं वाचलं.

त्या काळी शहर सुधारायचं म्हणजे इंजिनिअरनं नकाशावर पट्टी ठेवून जुन्या वस्तीतून सरळ रेघ ओढायची. रेघेत येतील ती घरं पाडायची, रुंद रस्ता काढायचा, हवा खेळती झाली म्हणायचं. गेडिसचा याला कडाडून विरोध. तो नकाशा हातात धरून गल्ली गल्ली पायी हिंडायचा. त्याचं म्हणणं असं की धडकी घरं वाचवा, अगदीच पडकी असतील तेवढी काढा, त्या रिकाम्या जागेत लहानसा चौक करा, झाड लावा, असे चौक एकमेकांना जोडत न्या. गल्लीला आपोआप श्वास मिळेल आणि माणसंही घराबाहेर पडणार नाहीत. याला त्यानं 'कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी' म्हटलं, म्हणजे कापायलाच हवं तेवढंच कापायचं. आणि हे तो सांगत होता तेव्हा मोटारी अशा किती होत्या? सरदारांच्या, रेसिडेन्सीच्या. रस्ता रुंद केला की त्यावरून काय धावेल हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हताच. त्याला गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर वाचवायचं होतं.

त्याची एक गोष्ट त्याच्या चरित्रात आहे. शहरात प्लेग आणि मलेरिया. लोकांना घरं साफ करायला लावायची कशी? त्यानं महाराजांकडून दिवाळीत एका दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि मोठी मिरवणूक जाहीर केली. पण अट घातली की मिरवणूक ठरलेल्या जुन्या मार्गानं जाणार नाही, ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त होतील त्या रस्त्यानं जाईल. झालं! मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली, गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत हत्ती होते, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि पांढरे स्वच्छ कपडे घातलेले सफाई कामगार मानानं चालत होते. आज साफसफाईत इंदूर पहिलं म्हणून आपण छाती फुगवतो, तेव्हा मला हा म्हातारा हमखास आठवतो.

हे वाचलं तेव्हा आमच्या गल्लीचे ओटले जाऊन वीस वर्षं झाली होती.

पण मी तो अर्ज मूर्खपणानं किंवा हौसेनं लिहिला नव्हता, हेही सांगायला हवं. नाहीतर जुनं ते सोनं म्हणून रडणाऱ्या पोस्टी आपल्या ग्रुपवर कमी नाहीत. त्या गल्लीत उघड्या मोरीचा वास होता. पावसाळ्यात चिखल घोट्यापर्यंत. आणि १९८७ च्या डिसेंबरात समोरच्या घरातल्या काकांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, जवाहर मार्गावरच थांबली, आत येईना. आम्ही चौघांनी त्यांना आरामखुर्चीत बसवून उचलून नेलं. कडुनिंबापाशी खुर्चीचा पाय ओटल्याला अडकला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, हळू, पडेन मी." हे त्यांचे मी ऐकलेले शेवटचे शब्द. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या तेराव्यालाच ठरलं की रस्ता व्हायला पाहिजे. तीन महिन्यांत अर्ज तयार झाला. मी सह्या घ्यायला बसलो तेव्हा आई ओटल्यावर गहू निवडत होती. म्हणाली, "रस्ता कर की. मोरी झाक, फरशी टाक, नाही कोण म्हणतं? पण ओटला काढलास तर दारातनं पाय कुठं टाकायचा?" मी हसलो. म्हटलं, "रस्त्यावर टाकायचा आई, आणखी कुठं?"

१९९० च्या उन्हाळ्यात काम झालं. मोरी झाकली गेली, हे फार चांगलं झालं, त्याबद्दल मी आजही कुणाचं ऐकणार नाही. पण ओटले गेले आणि कडुनिंबही गेला. दाताची कड जाऊन दोन्ही बाजू पट्टीनं आखल्यासारख्या सरळ झाल्या. अकराचे सोळा फूट झाले. जवाहर मार्गावर उभं राहिलं तर थेट पलीकडचा भाजीबाजार दिसायला लागला. आम्ही पेढे वाटले.

जे आम्हाला दिसलं ते दुसऱ्यांनाही दिसलं. जवाहर मार्गाची गर्दी तुम्हाला सांगायला नको. तिथे अडकलेल्याला डावीकडे एक गुळगुळीत, मोकळी, सरळ गल्ली दिसली तर तो काय करेल? त्याच सुमारास घरोघरी दुचाकी यायला लागल्या होत्या. लुना, स्कूटर, मग मोटारसायकली. दोन वर्षांत आमची गल्ली राहायची जागा उरली नाही, जायची वाट झाली. सकाळी नऊला दारात उभं राहवेना. पोरं आपोआप घरात गेली, त्यांना कुणी 'आत या' म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हातारी माणसं गॅलरीत गेली.

१९९३ ची दिवाळी. आई पहाटे रांगोळी काढायची. आधी ती ओटल्यावर निघायची. ओटला गेल्यापासून उंबऱ्याला लागून रस्त्याच्या कडेवर, तिथंच बसून. नरकचतुर्दशीला उजाडता उजाडता एक मुलगा मोटारसायकलवरून भाजीबाजाराकडून आला. समोर सरळ रस्ता, कुणी नाही, त्यानं जोरात घेतली. आई ठिपके जोडून उठली आणि एक पाऊल मागे सरकली.

खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली. त्यासाठीच तर रस्ता केला होता.

तो मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पळून गेला नाही. चार दिवस वडिलांना घेऊन दवाखान्यात येत होता, कोपऱ्यात उभा राहायचा. त्याच्यावर राग धरावा असं फार वाटलं, पण धरता आला नाही. बँकेत एखादी नोंद जुळेना की आम्ही रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसायचो, कारण कुठेतरी नावे टाकल्याशिवाय खातं बंद होत नाही. ही नोंद मी बरीच वर्षं त्या मुलाच्या नावे टाकत होतो. आई पुढे तीन वर्षं होती, बहुतेक वेळ पलंगावर. अर्जाचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

अपघातानंतर गल्लीनं काय केलं? जे सगळीकडे करतात तेच. उरलेल्या सिमेंटचा रातोरात स्पीडब्रेकर. हातभर रुंद, वीतभर उंच, रंग नाही, पाटी नाही. आठवड्याच्या आत दूधवाल्याचे कॅन पडले, महिन्याभरात मागे बसलेली एक बाई स्कूटरवरून उडाली. शेवटी कुणीतरी फोडून टाकला, परत कुणीतरी बांधला.

या स्पीडब्रेकरचंही शास्त्र आहे, हे मला कितीतरी उशिरा कळलं. इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं १९७० च्या दशकात प्रयोग करून एक आकार ठरवला. बारा फूट लांब आणि चार इंच उंच, वर गोलसर. बारा फूट! म्हणजे जवळजवळ एक खोली. गाडी त्याच्यावर चढते आणि उतरते, आदळत नाही. हळू गेलं तर काहीच जाणवत नाही, जोरात गेलं तरच त्रास. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ मध्ये हाच आकार घेतला : लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी. वर काळे-पांढरे पट्टे आणि आधी सूचनेची पाटी. १९८८! म्हणजे मी ज्या साली अर्ज लिहीत बसलो होतो त्याच साली. आपण बांधतो तो उंचवटा हळू जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या मणक्याला शिक्षा करतो आणि जोरात जाणाऱ्या पोराला उडी मारायची मजा देतो.

आणि मुळात ब्रेकर हे नंतरचं औषध. आधी हा प्रश्न विचारायचा की ही गाडी या गल्लीत येतेच कशाला? हे फार सोपं करून सांगितलं कॉलिन ब्यूकॅनन नावाच्या ब्रिटिश माणसानं. (जन्म सिमल्याचा, १९०७.) १९६३ मध्ये त्यानं ब्रिटिश सरकारला शहरांतल्या ट्रॅफिकवर अहवाल दिला. शहर इमारतीसारखं असतं, त्यात खोल्या असतात आणि व्हरांडे असतात. येणं-जाणं व्हरांड्यातून करायचं. जवळ पडतं म्हणून कुणी दुसऱ्याच्या खोलीतून जात नाही. मी माझ्या शब्दांत सांगायचं तर, शेजारी आपल्या देवघरातून रोज बाजाराला जायला लागला तर आपण काय करू? ब्रेकर बांधू की दार लावू?

माझा भाचा हॉलंडला असतो. त्यानं मला तिथल्या डेल्फ्ट गावाची हकीकत पाठवली. त्या चिमुकल्या देशात १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. आयाबाया रस्त्यावर आल्या, 'मुलांचे खून थांबवा' या नावानं चळवळ झाली. डेल्फ्टमध्ये त्याच्या थोडं आधीपासून नवीन तऱ्हेच्या गल्ल्या करणं सुरू झालं होतं. सरळ रस्त्याला मुद्दाम वळण दिलं, मधे झाडं लावली, बाकं ठेवली, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणला. १९७६ मध्ये तिथल्या कायद्यानं हे मान्य केलं. अशा गल्लीत मुलं रस्त्यावर खेळू शकतात, गाडीनं माणसाच्या चालीनं जायचं. नाव दिलं 'वूनेर्फ', म्हणजे साधारण राहत्या घरांचं अंगण.

भाच्यानं फोटो पाठवले. वळण, झाड, बाक, गाडी दबकत चाललेली. मी फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, "अहो, ही तर आपली जुनी गल्ली. फक्त मोरी नाही."

वेगाचा हिशेब मी नातवाकडून करवून घेतला. ताशी ४० नं जाणारा समोर माणूस दिसल्यावर ब्रेकपर्यंत पाय पोचेतो, म्हणजे एका सेकंदात, अकरा मीटर पुढे गेलेला असतो. २० नं जाणारा साडेपाच. आणि वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून आता जगभर राहत्या वस्तीत ३० ची मर्यादा आणतात. २०२० मध्ये स्टॉकहोमला देशोदेशीच्या मंत्र्यांनी तसं ठरवलं. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीत दुचाकीला ६० पर्यंत मुभा आहे, स्थानिक पातळीवर कमी केलेली नसेल तर. आमच्या सोळा फुटी गल्लीत ६०! २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. बँकेत हा एवढा तोटा एका खात्यात दिसला असता तर दिल्लीहून इन्स्पेक्शन आलं असतं.

तर आता काय चाललंय ते सांगतो. मी पुन्हा अर्ज लिहिला आहे. मागणी एवढीच की जवाहर मार्गाच्या तोंडाला तीन खांब लावा, त्यातला मधला कुलपाचा, काढता येणारा. पायी आणि सायकल कुठूनही जाईल. गाडी भाजीबाजाराकडून येईल आणि तिकडूनच परत जाईल. ॲम्ब्युलन्सलाही तीच बाजू खुली, आणि वेळ पडली तर खांब काढून दुसरीही. ओटले परत मागत नाही, ते आता कुठून येणार? मोटार वाहन कायद्याचं ११५ वं कलम लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालायचा अधिकार देतं, त्याचा हवाला दिला आहे.

गल्लीची मीटिंग भरली ती आमच्याच बैठकीत. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, धंदा बसेल. बरोबर आहे त्याचं, त्याचं निम्मं गिऱ्हाईक जाता जाता थांबणारं. एकानं विचारलं, "काका, रस्ता रुंद करा म्हणून तुम्हीच अर्ज दिला होता ना?" मी पेटीतली कार्बन कॉपी आणून टीपॉयवर ठेवली. ती हातोहात फिरली. ४१ पैकी सात माणसं आज आहेत, त्यातली तीन तिथं बसलेली होती.

सगळ्यात अवघड आक्षेप माझ्या घरातला. सूनबाई म्हणाली, "बाबा, मला दोघांना शाळेत सोडून ऑफिस गाठायचं असतं. भाजीबाजाराकडून फिरून गेलं तर सकाळी दहा मिनिटं जास्त. ती मी कुठून आणू?" तिला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. अर्जावर तिची सही नाही, आणि मी मागितलेलीही नाही. घरातली एक सही कमी असली तर ती का कमी आहे हे या खेपेला नीट ऐकून घ्यायचं ठरवलं आहे.

तूर्त रविवारी सकाळी सात ते नऊ दोरी बांधतो. वॉर्डातल्या पोलिसांना सांगून, त्यांनी हरकत घेतली नाही. पहिल्या रविवारी पोरं आली आणि नुसती उभी राहिली, त्यांना रस्त्यावर काय खेळतात माहीतच नाही. मग मी आणि समोरच्या काकांचा मुलगा, वय वर्षं ६८, आम्ही सात कवेलूचे तुकडे रचून सितोलिया मांडला. माझा पहिला चेंडू दुकानदाराच्या काचेवर गेला. दुसऱ्या रविवारी सूनबाईनं चहा आणून दिला, काही बोलली नाही.

अर्ज दाखल झाला आहे, आवक नंबर मिळाला आहे, पुढचं कळेल तसं इथे लिहीन.

एक विनंती. आमच्या गल्लीचा ओटल्यांसकटचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्या काळी कॅमेरा लग्नातच निघायचा. नंदलालपुरा, जेल रोड, चिमणबाग, रामबाग, कुठल्याही गल्लीतली वरात किंवा मुंज दारात निघालेली असेल आणि मागे ओटला दिसत असेल, तर कृपया कमेंटमध्ये टाका. वऱ्हाडी नाही दिसले तरी चालतील.